धर्मूचा तारा आणि माझं भरीत

माझा धाकटा भाऊ धर्मेंद्र शिरपूरच्या एका कॉलेजात फिजिक्स शिकवतो आणि दिवस मावळला की माझ्या मळ्यातल्या घराच्या गच्चीवर दुर्बीण लावून बसतो. पन्नाशी उलटली तरी मी त्याला धर्मूच म्हणते. डोक्याला टक्कल पडलं ते वर बघून बघूनच, असं माझं स्पष्ट मत आहे.

सगळं खूळ एका ताऱ्यापायी. आकाराने सूर्याहून पुष्कळ लहान, पण तापलेला इतका की निळसर दिसतो. दोन-अडीच मिनिटांत त्याचा उजेड जरासा चढतो, जरासा उतरतो. डोळ्यांना ते कळत नाही. कॅमेऱ्याने सारखे फोटो काढून उजेड मोजावा लागतो. पुण्याच्या मेघा मॅडम अशाच ताऱ्यांवर काम करतात. "एका संध्याकाळची नीट मोजणी पाठवा सर, आमच्या शोधनिबंधात तुमचं नाव घालू," असं त्या म्हणाल्या होत्या. दोन हिवाळे ढगांनी खाल्ले. यंदा तारा पश्चिमेला कलला होता. ही संध्याकाळ हुकली की थेट पुढच्या हिवाळ्यात.

मला अभिमान वाटला, दुसरं काय. भाऊ एवढं काम करतोय आणि गल्लीला पत्ता नाही? मी त्याच संध्याकाळी सगळ्यांना मळ्यात बोलावलं. आणि मळ्यात माणसं बोलावली की भरीत आलंच. नुसता तारा दाखवून परत पाठवायला आम्ही काय पुण्याचे आहोत? टोपलंभर वांगी आणली, कपाशीच्या काड्या पेटवल्या. धूर जो उठला तो सरळ गच्चीवरून पश्चिमेला.

धर्मू शिडीवरून खाली आला. ओरडला असता तर बरं झालं असतं, मीही दोन शब्द सुनावले असते. तो हळूच म्हणाला, "अक्का, धुरात तारा गेला गं माझा." आणि मान खाली घालून उभा राहिला. लहानपणी पतंग कटला की असाच उभा राहायचा.

घरी आलेला माणूस माझ्याकडून कधी अर्धपोटी गेलेला नाही. तरी मी पाण्याची बादली उचलली आणि जाळावर ओतली. धूर विरला तसा धर्मू परत शिडी चढला.

"सुनंदाबाई, वांगा कच्चा शेतस ना," शेजारचे झुलालनाना त्यांच्या अहिराणीत म्हणाले. बिचारे दुपारपासून जेवले नव्हते.

"आज अशीच खा, नाना. आणि दिवा कोणी लावायचा नाही."

खाल्ली हो सगळ्यांनी. अंधारात, पुरीबरोबर, तोंडं वाकडी करत. धर्मूची मोजणी संपेपर्यंत एकही जण उठला नाही. मग त्याने लॅपटॉप खाली आणला. ठिपक्यांची रांग वर-खाली, वर-खाली चालली होती. नाना लॅपटॉपवर वाकले. "हाऊ तर जित्ता शे," म्हणाले.

मेघा मॅडमचा फोन आला तेव्हा मी शेजारीच बसले होते. "सर, ताऱ्याची धडधड पक्की सापडली. पण मध्येच मोजणी तुटलीय. ढग आले होते का?"

धर्मूला खोटं बोलता येत नाही. "नाही मॅडम," तो म्हणाला, "वांगी भाजत होती."

निबंध छापून आला. त्यात धर्मूचं नाव आहे, ठिपक्यांचा आलेख आहे, आणि आलेखात एक कोरा पट्टा आहे. आल्यागेल्याला मी तो दाखवते. ठिपक्यांचं काय ते धर्मूला विचारा, म्हणते. ही कोरी जागा माझी आहे.