सोफ्याचा टीव्ही, जमिनीचा टीव्ही

दुकानात नवा टीव्ही आला की आमचे नाना कांबळे तो उभ्यानं कधी बघत नसत. सेट चालू करायचा आणि सरळ फरशीवर मांडी ठोकून बसायचं. आधी समोर, मग डाव्या कडेला, मग उजव्या. गिऱ्हाइकं त्यांना वळसा घालून जायची आणि मालक कपाळाला हात लावायचे. "अहो नाना, खुर्ची आहे की!"

"खुर्चीवरनं समदंच चांगलं दिसतं, मालक," नाना म्हणायचे.

साताऱ्यातल्या त्या दुकानात नाना मेकॅनिक होते आणि मी गिऱ्हाइकांना टीव्ही दाखवायची. आज नाना नाहीत, पण त्यांच्याइतका फटकळ आणि त्यांच्याइतका सरळ माणूस मला पुन्हा भेटला नाही. गाव औंधकडचं. फौजेत सिग्नलमध्ये, म्हणजे बिनतारी संदेशाच्या तुकडीत होते, हवालदार म्हणून रिटायर झालेले. पहिला चहा सीनियरला, हा तिथला दंडक ते दुकानातही पाळायचे. लहानपणी जत्रेत तंबूतला सिनेमा लागायचा, तेव्हा त्यांच्या वस्तीतल्या पोरांना पार कडेला बसवत. "कडंनं काय दिसतं ते मला इचारा," असं ते हसत सांगायचे. मला मात्र ते ऐकून हसू यायचं नाही.

नव्वदीचं दशक सरत आलं होतं आणि मोठ्या पडद्याचं वेड आमच्याकडंही पोचलं होतं. मालकांनी मुंबईहून प्रोजेक्शन टीव्ही आणला. त्रेचाळीस इंची, चांगला कपाटाएवढा! आत तीन छोट्या ट्यूब आणि आरसा, चित्र मागून पडद्यावर पडायचं. नाना नेहमीसारखे खाली बसले आणि म्हणाले, "ह्यो सोफ्याचा टीव्ही हाय. जमिनीचा न्हाई." कुणी लक्ष दिलं नाही. मी तर नाहीच नाही. आठवड्याच्या आत सांगलीजवळच्या एका बागायतदारांना, अशोकरावांना, मी तो विकलासुद्धा, आणि दोन दिवस हवेत होते.

पंधरा दिवसांनी तक्रार आली. रंग फाकले होते, माणसांच्या चेहऱ्यांना लाल कड दिसत होती. नाना दुरुस्तीला निघाले, आणि तिथल्या सूनबाईंना रिमोट समजावायला मीही गेले. नानांनी तासाभरात रंग जुळवले. अशोकराव सोफ्यावर खूश. त्यांची आई, आक्का, स्वयंपाकघराच्या दाराशी खाली बसून ताटात तांदूळ निवडत होती.

"आईचं अवघड झालंय," अशोकराव म्हणाले. "टीव्हीत तिला नुसता अंधारच दिसतोय. सोमवारी मिरजेला न्यायचीय, डोळ्याच्या डॉक्टरांकडं. मोतीबिंदू असंल."

"वय झालं, व्हायचंच," आक्का म्हणाली. मग मला जवळ ओढून हळूच विचारलं, "डोळा कापत्यात व्हय गं?"

नाना तिच्या ताटाकडं बघत होते. तिनं एक बारीक पांढरा खडा उचलून बाहेर टाकला.

"आक्का, पांढऱ्या तांदळात पांढरा खडा कसा काय घावला?"

"डोळ्यानं! आनि कशानं?"

"आवं, मग खडा दिसतोय आनि टीव्हीतली एवढी मोठी बाई दिसत न्हाई?"

नाना तिच्या शेजारी जाऊन बसले. मग मला बसवलं, मग कडक इस्त्रीच्या अशोकरावांनाही हाताला धरून खाली ओढलं. काय सांगू, तिथून चित्र काजळी धरल्यासारखं दिसत होतं! अशोकराव अर्धवट उठले, उजेड. बसले, अंधार. चार-पाच बैठका झाल्या, तेव्हा कुठं त्यांचा विश्वास बसला.

"आक्काचं डोळं झ्याक हायत," नाना म्हणाले. "ह्यो पडदा समदा उजेड सोफ्याच्या उंचीलाच फेकतोय, आनि तुमचं निम्मं घर खाली बसतंय. साधा एकोणतीस इंची ट्यूबचा घ्या. ल्हान हाय, पर समद्यांस्नी दिसंल."

आक्कानं ताट बाजूला सारलं. "आता मी मिरजेला जायची न्हाई," तिनं लेकाला ठणकावून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी ते कपाट दुकानात परत आलं आणि मालक भडकले. "विकलेला माल परत आणणारा मेकॅनिक मी जन्मात बघितला नाही! जा, सांगा त्यांना, म्हातारीचीच नजर गेलीय म्हणून."

"टीव्ही खपवायला चांगल्या बाईला आंधळी करू व्हय?"

"मग उद्यापासून येऊ नका!" मालक माझ्याकडं वळले. "तू होतीस ना तिथं? तू सांग, सेट चांगला आहे की नाही?"

घरात कमावती मी एकटी. खोटं बोलायला एक शब्द पुरला असता. पण नाना माझ्याकडं बघतसुद्धा नव्हते, आपला स्क्रू-ड्रायव्हर पुसत उभे होते. मला सांभाळून घे, असं त्या माणसानं नजरेनंही म्हटलं नाही. मी म्हणाले, "मी खाली बसून बघितलंय. नाना खरं बोलतात."

"मग तूही जा त्यांच्याबरोबर!"

बाहेर आल्यावर नाना माझ्यावरच उखडले. "खुळी का शहाणी गं तू? मला पेन्शन हाय. तुला काय हाय?" मी रडायलाच लागले. ते गडबडले आणि मला पोवई नाक्यावर चहाच्या गाड्यापाशी घेऊन गेले. तीन वर्षांत त्यांनी मला कधी 'बरं केलंस' म्हटलं नव्हतं.

चहावाल्यानं पहिला कप नानांपुढं धरला आणि विचारलं, "नाना, पोरगी का तुमची?"

नानांनी कप हातानं माझ्याकडं वळवला. "पोरगी न्हवं, गड्या. सीनियर हाय माझी. आधी तिला दे."

नोकरी गेलेली मी त्या दिवशी भर बाजारातून ताठ मानेनं घरी गेले.