कालिंदाबाईंच्या वाटणीचं भाषण

बलभीम सरांचं राजकारण स्मशानात सुरू झालं, असं त्यांचे विरोधक म्हणायचे. टोमणा होता, पण खोटा नव्हता.

येरमाळ्याच्या बाजूला एका हायस्कुलात सर मराठी शिकवायचे. शाळेचा शिपाई वारला तेव्हा तिसऱ्या दिवशी राख सावडायला सगळी शाळा गेली. निवद ठेवला, कावळा येईना, मग रिवाजाप्रमाणं दोन शब्द बोलायला मुख्याध्यापक उठले. ‘कर्तव्यदक्ष’ झालं, ‘मनमिळाऊ’ झालं. माणसं तंबाखू मळत बसली. मग बलभीम सर उठले.

सकाळी निघताना त्यांनी बायकोला सहज विचारलं होतं, "काय बोलावं गं त्याच्याबद्दल?"

कालिंदाबाई भाकरी थापत होत्या. "तुमाला काय आठवतंय त्याचं?"

"घंटा वाजवायचा."

"ते सगळेच शिपाई वाजवतात. तुमीच सांगितलं होतं ना, लांबनं पळत येणारं पोरगं दिसलं की टोल धरून थांबायचा. पोरगं फाटकात शिरलं की मगच घंटा. येवढंच सांगा. माणूस मोठ्या गोष्टीला मान हलवतंय, बारक्या गोष्टीला रडतंय."

सरांनी तेवढंच सांगितलं. उशिरा येणारी ती पोरं आता मिशा फुटून तिथंच बसली होती. ती रडली, त्यांचं बघून शिपायाची म्हातारी रडली, आणि कावळासुद्धा तेवढ्यात शिवला. त्या दिवसापासून पंचक्रोशीत कुणी गेलं की एक माणूस तिरडीच्या सामानाला आणि एक सरांकडं पाठवायची पद्धत पडली.

पुढचं सगळं सरळ झालं. अशाच एका सावडण्याला जिल्ह्याचा एक मोठा पुढारी आला होता. सरांनी उभा जमाव रडवलेला त्यानं बघितला आणि गाडीत बसताना म्हणाला, "मास्तर, ही माणसं मत देतील तुम्हाला." सरांनी शाळा सोडली. आधी जिल्हा परिषद, मग २००९ साली आमदार, पुढच्या वेळी पुन्हा आमदार. मुंबईत सभागृहात त्यांनी पाण्यावर प्रश्न विचारला नाही, उसावर विचारला नाही; पण अधिवेशनाच्या पहिल्या दिवशी शोकप्रस्ताव आला की सगळ्या पक्षांचे लोक मागं वळून त्यांच्याकडं बघायचे. चहाच्या वेळी एक जण बोललाच, "सर, तुम्ही आहात म्हणून मरायला हुरूप येतो बघा."

सकाळचा रिवाज मात्र बदलला नाही. सर स्वयंपाकघरात खुर्ची ओढून बसायचे, आज कोण कोण गेलंय ते सांगायचे, आणि कालिंदाबाई तव्यावरची भाकरी उलटता उलटता एकेकाची बारकी गोष्ट काढून द्यायच्या. लग्नाच्या पंगतीत, दवाखान्याच्या बाकड्यावर, हळदीकुंकवाला त्यांचे डोळे सगळं टिपत असायचे. कोण जेवताना आधी कुत्र्याचा घास काढतो, कोण सासरी जाणाऱ्या लेकीच्या पिशवीत परसातली मूठभर माती घालतो. बाहेर ड्रायव्हर गोरोबा गाडी चालू करून बसलेला असायचा. तोही सरांचाच विद्यार्थी. "सर, आज तीन हायत. लोहाऱ्याकडचं आधी उरकू. तिथला कावळा थांबत न्हाय."

कालिंदाबाईंनी नवऱ्याकडं मागितलं असेल तर एकदाच. सरांच्या दुसऱ्या आमदारकीत बाईंचे वडील वारले. त्या एवढंच म्हणाल्या, "माझ्या बापाला दोन शब्द बोला." सर ‘व्हय’ म्हणाले. पण त्याच दिवशी तुळजापूरला एका मंत्र्याच्या सासऱ्यांचं सावडणं निघालं. सर तिकडं गेले, इकडं येतो म्हणून सांगून. दुपार कलली. निवदाला मुंग्या लागल्या. शेवटी भावकीतलं कुणी तरी म्हणालं, "आमदार न्हाय यायचे, उरका आता," आणि कुणी एक शब्द न बोलता राख भरली. त्या सकाळीसुद्धा तुळजापूरच्या त्या सासऱ्याची बारकी गोष्ट कालिंदाबाईंनीच शोधून दिली होती.

घरी परतल्यावर त्या पुन्हा भाकरी थापायला बसल्या. बोलायची सवय सरांची होती.

२०१९ ला सर पडले. पडलेल्या आमदाराला सावडण्याला बोलावतात, पण माइक शेवटी देतात. तोवर कावळा शिवून गेलेला असतो आणि माणसं चपला शोधत असतात. सर माइकची वाट बघत घसा खाकरायचे आणि पुन्हा गिळायचे. दिवसभर पांढरा सदरा घालून घरात बसायचे. २०२४ ची निवडणूक ही शेवटची संधी, हे त्यांनाही कळत होतं.

त्या वर्षीच्या उन्हाळ्यात कालिंदाबाई आजारी पडल्या. छातीत पाणी झालं. सोलापूरच्या दवाखान्यात बरेच दिवस काढल्यावर डॉक्टर सरांना बाजूला घेऊन म्हणाले, "आता घरी न्या." घरी आणून मधल्या खोलीत खाट टाकली. खाटेच्या उशाशी न्हाणीघराची भिंत होती.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी सकाळी त्या भिंतीतून सरांचा आवाज आला. बादलीचा आवाज नव्हता, पाणी पडत नव्हतं. नुसता आवाज. मधूनच थांबायचा, तीच ओळ पुन्हा जरा खाली सुरात म्हणायचा.

"कैलासवासी कालिंदा… माझी सहचारिणी… हिनं जन्मात माझ्याकडं काही मागितलं नाही…"

सून शिवांजली औषध घेऊन आली होती. तिच्या हातातला चमचा तसाच राहिला. "आई, तुमी अजून हायत की हो."

"गप," कालिंदाबाई म्हणाल्या. "ऐकू दे."

दुसरी बाई असती तर रडली असती. कालिंदाबाईंचा जीव भलत्याच गोष्टीत अडकला होता. हयातभर त्यांनी साऱ्या मुलखाच्या बारक्या गोष्टी पुरवल्या होत्या. आता आपली कोणती निघते? या माणसानं आपलं काही बघितलंय का? ‘सहचारिणी’ काढा, बायकांना न्हाय कळायचं ते, असं त्यांच्या ओठावर आलं होतं. ते त्यांनी दाबलं आणि श्वास धरून पडून राहिल्या.

"चाळीस वर्षं ही माझ्यासमोर जेवायला बसली," भिंत बोलत होती. "चाळीस वर्षांत हिच्या ताटात मी चांगली भाकरी बघितली नाही. जी करपली ती हिची. जी तव्यावर तडकली ती हिची. मी एकदा विचारलं, अगं, ही का खातीस? तर म्हणाली, मला अशीच आवडते."

विचारलं कधीच नव्हतं. ते सरांनी लावलेलं तिखटमीठ. पण भाकरी खरी होती. भाकरी खरी होती आणि त्यांनी ती बघितली होती, रोज, दोन्ही वेळेला. बघत होते आणि खाऊ देत होते, हेही त्यातच आलं. पण मरायला टेकलेल्या बाईनं त्यातलं अर्धं घेतलं आणि अर्धं सोडून दिलं. पदर तोंडावर ओढून त्या पोटभर रडल्या. मग बऱ्याच दिवसांनी शांत झोपल्या.

आणि बऱ्या झाल्या.

आषाढात उठून बसल्या, श्रावणात स्वयंपाकघरात गेल्या. डॉक्टरांना नवल वाटलं. सर येडेश्वरीला नारळ फोडून आले, आल्यागेल्याला ‘देवीची कृपा’ म्हणून पेढा दिला. पण त्यांचा चेहरा पेपर पाठ करून बसलेल्या आणि परीक्षाच रद्द झालेल्या पोरासारखा झाला होता. शिवांजलीनं ते बघितलं आणि सासूला सांगितलं नाही. सासूनं तिच्या आधी बघितलं होतं.

भाद्रपदात विठाबाई गेल्या. विठाबाई म्हणजे कृष्णराजची आई. कृष्णराजची खडीची क्रशरं, दुधाचा धंदा, दोन-तीन गावांत शब्द खाली न पडू देणारी माणसं. तिकीट कुणाला, हे ठरवायला पुढारी ज्यांना फोन करायचे त्यांत त्याचा फोन पहिला. शाळेत तोही सरांच्याच हाताखाली शिकलेला.

सकाळी सर खुर्ची ओढून बसले नाहीत. उभ्यानंच चहा घेतला. कालिंदाबाईंनी आपणहून सांगितलं, "विठाबाई सुनांना नावानं हाक मारत नव्हत्या, माहेरच्या गावानं मारायच्या. एवढं सांगा."

"आज नको," सर म्हणाले. "हाय माझ्याकडं."

सावडायला अख्खा जिल्हा लोटला होता. कृष्णराजनं वाकून नमस्कार केला आणि माइक सगळ्यात आधी सरांच्या हातात दिला. कालिंदाबाई बायकांत बसल्या होत्या.

"विठाबाईंनी जन्मात कुणाकडं काही मागितलं नाही," सरांनी सुरुवात केली. आवाज जरा खाली. न्हाणीघरात बसवला होता तसाच. "या माउलीच्या ताटात कुणी कधी चांगली भाकरी बघितली नाही…"

कालिंदाबाईंच्या पुढचं गवत हलत होतं. त्या गवताकडं बघत राहिल्या. जी करपली ती तिची. जी तडकली ती तिची. नाव आणि नातं सोडलं, तर एक शब्द इकडचा तिकडं झाला नव्हता. शेजारी बसलेली विठाबाईंची स्वयंपाकीण पुटपुटली, "बाईंनी भाकरी खाल्ली कवा? दात पडून जमाना झाला." आणि मग तीही पदरात तोंड घालून रडायला लागली. दुसऱ्या बाजूच्या बाईनं कालिंदाबाईंचा हात घट्ट धरला. "अशी माणसं न्हाय राहिली हो, बाई." कृष्णराज खाली बसून लेकरासारखा हुंदके देत होता.

परतताना गाडीत सरांनी नेहमीसारखं विचारलं, "कसं झालं?"

"लई रडली माणसं."

"ते दिसलंच. तुला कसं वाटलं?"

"ओळखीचं वाटलं."

सर खूश झाले. "ओळखीचंच वाटायला पाहिजे. तूच सांगतीस न्हवं, बारकी गोष्ट."

कालिंदाबाईंनी खिडकीची काच खाली केली. मग म्हणाल्या, "आन् माझ्या वेळेला काय सांगाल?"

गोरोबानं आरशातून मागं बघितलं आणि नजर रस्त्यावर नेली.

"तू आता ठणठणीत हायस की," सर म्हणाले. "त्या वेळेचं त्या वेळेला. सुचतं मला."

दिवाळीच्या तोंडावर तिकीट जाहीर झालं. कृष्णराजला मिळालं. वर बसलेल्यांनी साधा हिशेब केला होता: सगळा मुलूख त्या माउलीसाठी रडलाय, मग तिचा लेकच उभा करा. सरांचं भाषण कुणीतरी मोबाइलवर धरलेलं, ते वाडीवस्तीवर फिरलं होतं. कृष्णराज प्रत्येक सभेत सांगायचा, "माझी आई करपलेली भाकरी खायची." सांगता सांगता त्याला ते खरंच आठवायला लागलं होतं, डोळे पुसायचा ते नाटक नव्हतं. पहिल्या सभेत सर स्टेजवर दुसऱ्या रांगेत होते. पुढच्या सभेला खुर्ची नव्हती, तेव्हा खाली बसले. तिसऱ्या सभेचं त्यांना कुणी कळवलंच नाही. गोरोबा तेवढ्यात कृष्णराजच्या गाडीवर गेला. जाताना पाया पडून गेला.

निकालाच्या दिवशी बाहेर गुलाल उडत होता. येणाऱ्याजाणाऱ्या बायका कालिंदाबाईंना थांबवून म्हणत होत्या, विठाबाईंची पुण्याई बघा. कालिंदाबाई ‘व्हय’ म्हणायच्या.

सर बऱ्याच दिवसांनी स्वयंपाकघरात येऊन आपल्या खुर्चीत बसले. आज कोण गेलंय ते सांगायला नव्हतं काही. कालिंदाबाईंनी ताट वाढलं. पिठलं, ठेचा, वर पांढरीस्वच्छ भाकरी.

"माझं भाषण होतं ते, कालिंदा," सर म्हणाले. "माझ्या भाषणावर निवडून आला तो. माझी वस्तू चोरून नेली, आणि एका माणसाला त्याचं काही वाटलं न्हाय."

"आन् भाकरी कुणाची होती?"

सरांनी ताटातली भाकरी मधोमध मोडली, पिठल्यात बुडवली.

"कसली भाकरी?" त्यांनी विचारलं.

तव्यावरची करपायला आली होती. कालिंदाबाई तिच्याकडं बघत उभ्या राहिल्या आणि त्यांनी ती उलटली नाही.