दाजीने मुसळ हाती घेतलं

एकोणीसशे बावन्न साली ओवे गावचा दाजी म्हात्रे पनवेलच्या एका भातगिरणीत यंत्रावर कामाला लागला. सगळ्यात मोठा आनंद त्याला एकाच गोष्टीचा झाला. बायकोचं कांडण सुटणार! लग्न होऊन आल्यापासून हौसा रोज पहाटे उखळात भात कांडत होती. तिच्या तळहातांना घट्टे पडले होते, आणि भाकरी थापता थापता ती मधेच खांदा दाबून धरायची. दाजीने पहिल्याच आठवड्यात घरचं भात गिरणीतून काढून आणलं. हौसाने त्या पांढऱ्याशुभ्र तांदळात बोटं फिरवली.

"ह्याला पाखडाय पन नको?"

"काय करू नको. नुस्ता शिजव," दाजी म्हणाला.

तीन वर्षं अशी गेली. दाजीने माळ घातलेली, त्यामुळे हौसा आणि पोरं मासळी खायची तेव्हा तो पांढऱ्या भातावर चिंचेचं सार ओतून घ्यायचा. गिरणीवर दुपारी चहा आणि बिस्किटं. घरून भाकरी बांधून नेणं त्याला कमीपणाचं वाटू लागलं होतं. हळूहळू त्याचा चेहरा गोल झाला, पोटऱ्या भरल्या. गावात लोक म्हणायचे, "गिरणी मानवली रं दाजीला!" तो खूश व्हायचा.

मग पायांना मुंग्या येऊ लागल्या. चपलेचा अंगठा बोटात रुतायला लागला. चार पावलं चाललं की धाप लागे. एके दिवशी सायकलवरून उतरताना पाय जमिनीला लागला की नाही हेच त्याला कळलं नाही, आणि तो रस्त्यात आडवा झाला. दुसऱ्या दिवशी हौसाने त्याला बैलगाडीत घालून पनवेलला डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टरांनी त्याच्या नडगीवर अंगठा दाबला. अंगठा काढला तरी खळगा तसाच राहिला.

"दाजी, हे अंग भरलेलं नाही, सुजलंय. खातोस काय?"

दाजीने सांगितलं. डॉक्टर ऐकत राहिले, मग म्हणाले, "तांदूळ पांढरा करताना जो कोंडा निघतो, तो कुठे जातो?"

"तबेल्यात. म्हशींना."

"म्हणजे सत्त्व म्हशींना आणि चोथा तुला!"

हौसा इतकी घाबरलेली होती, तरी हसू लपवायला तिने पदर तोंडाला लावला. डॉक्टरांनी सुया दिल्या. हातसडीचा तांदूळ, कडधान्याची उसळ, शेंगदाणे खायला सांगितले, बिस्किटं बंद केली.

"उद्यापासून कांडते मी," गाडीत हौसा म्हणाली. गिरणीतल्या यंत्राला अर्धवट सडणं ठाऊक नव्हतं, हे त्याच्याइतकं कुणाला माहीत होतं?

पंधरा दिवस तो आत पडून पडवीतले घाव ऐकत राहिला. मधे घाव थांबले की त्याला कळायचं, हिचा खांदा दुखतोय. ते ऐकणं त्याला सुयांपेक्षा जड गेलं. ज्या सकाळी पाय धड टेकले, त्या सकाळी त्याने पडवीत येऊन तिच्या हातातलं मुसळ काढून घेतलं.

"आवो, लोक काय म्हनतील?"

लोक म्हणालेच. शेजारची सखूबाई कमरेवर घागर घेऊन थांबली. "बाप्या मानूस कांडतोय गो! हौसा, तुला झालं तरी काय?"

"यंत्रावर दिसाला वीस गोनी सडतो, तवा कोन हासत नाय," दाजी घाव घालत म्हणाला. सखूबाई हसत हसत निघून गेली, आणि दुपारपर्यंत सगळ्या गावाला कळलं.

पहिल्या दिवशी त्याने निम्म्या तांदळाची कणी केली. "आस्ते," हौसा म्हणाली, "साल काढायची हाय, दाना फोडायचा नाय." दोन आठवड्यांत हात बसला. तीन महिन्यांत सूज उतरली आणि त्याच्या बरगड्या दिसायला लागल्या. "वाळलास की रं," गिरणीतले म्हणायचे. तो नडगी दाबून बघायचा, खळगा पडत नसे.

गिरणीची नोकरी त्याने सोडली नाही. तिथे तांदूळ पांढराच निघत राहिला, लोकांना तोच हवा होता. दर रविवारी मात्र तो आठवड्याचं भात कांडायला उभा राही आणि हौसा समोर सूप घेऊन बसे. त्याला धाप लागतेय असं तिला वाटलं की ती गप्पा थांबवायची; लागली नाही की मुद्दाम काहीतरी गमतीचं सांगून त्याचा ठेका चुकवायची.