मॅचच्या दिवशीचं स्वागत

लहान मुलांना स्केटिंग शिकवायचं तर आधी पडायला शिकवावं लागतं. गुडघे वाकवायचे, अंग सैल सोडायचं आणि बाजूला कलंडायचं. जुन्नरच्या आमच्या शाळेत मी खेळाची बाई म्हणून लागले तेव्हा तिसरीच्या वर्गाला पहिला आठवडाभर नुसतं पडायलाच लावलं. आया भांडायला आल्या. एकीनं तर विचारलं, "बाई, पगार पोरं पाडायचा घेता का?"

दोन हजार सालाच्या आसपासची गोष्ट. पेठेतल्या एका मारवाडी कापडवाल्यांनी आपल्या नातीच्या हौसेपायी शाळेला आठ जोड स्केट दिले होते. पट्ट्यांचे, चावीनं लांबी कमीजास्त करायचे. शाळेचं मैदान सगळं मुरमाचं, म्हणून लिलाव नसेल त्या संध्याकाळी आम्ही बाजार समितीच्या शेडमध्ये जायचो. तिथला कोबा चांगला गुळगुळीत होता. आधी सगळ्यांनी मिळून कांद्याची साल झाडून काढायची, कारण एक साल चाकाखाली आली की पोर भुईसपाट. थांबायचं कसं हे पोरांनी स्वतःच शोधून काढलं होतं, सरळ गोण्यांच्या थप्पीवर जाऊन आदळायचं. ती खोड मोडायला मला चार महिने लागले.

दुसऱ्या वर्षी हातात हॉकीच्या स्टिक दिल्या. सुताराकडून करून घेतल्या होत्या, जड आणि ओबडधोबड. पण चाकावर तोल सांभाळत चेंडू मागायला, द्यायला पोरं शिकली. आठ-नऊ वर्षांचं पोर स्वतःहून दुसऱ्याला चेंडू देतं, ही सोपी गोष्ट नाही. मोठ्या माणसांना तरी कुठे जमतं?

गोलवर एक मुलगी होती. आपटाळ्याच्या पुढं डोंगरात तिचं गाव, भात-नाचणीची शेती. जुन्नरला मावशीकडं राहून शिकायची. गादीवाल्याकडचा फोम गोणपाटात शिवून मी तिला पायाला बांधायचे पॅड करून दिले. ती बोलायची कमी. चेंडू अडवला की मात्र सगळ्या शेडभर ओरडायची, "न्हाई जाऊ देनार!" मला ती फार आवडायची. शिक्षकानं सगळी मुलं सारखी मानावीत म्हणतात. म्हणणाऱ्यांनी कधी शिकवलेलं नसतं.

आमच्या संस्थेच्या अध्यक्षांनी पंधरा ऑगस्टला ही पोरं झेंडे घेऊन चाकांवर फिरताना पाहिली आणि तिथंच माशी शिंकली. त्यानंतर गावात कुणी पाहुणा येवो, कशाचीही फीत कापायची असो, आमची पोरं स्केट घालून हजर. हातात फुलांच्या पाकळ्यांचं ताट, डोक्याला फेटा. सराव बुडायचा. मी एकदा म्हटलं, "सर, ही हॉकीची टीम आहे." ते हसले. "बाई, हॉकी कोन बघतंय? पोरं गोड दिसत्यात, ते बघा."

माझ्या नोकरीच्या मान्यतेची फाईल त्यांच्या सहीसाठी पडून होती. त्यांनी कधी धमकी दिली नाही. भेटले की फक्त म्हणायचे, "तुमचं काम हाय माझ्या ध्यानात." तेवढ्यावर माझी जीभ टाळ्याला चिकटायची. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच, फक्त तोंड माझं मीच दाबलं होतं.

त्या वर्षी पुण्यातल्या माझ्या एका मैत्रिणीनं तिच्या मुलांबरोबर आमची मॅच ठरवली. दहा वर्षांखालची मुलं, खरी रिंक, खरा पंच. रविवार ठरला. कापडवाल्यांनी जीप दिली. महिनाभर शेडमध्ये दुसरा विषय नव्हता. गोलवरच्या मुलीचं चौथीचं वर्ष संपत आलं होतं, पुढं ती गावाजवळच्या आश्रमशाळेत जाणार होती. तिनं वडिलांना निरोप धाडला, त्यांच्यासाठी जीपमध्ये एक जागा धरली आणि ती कुणी घेऊ नये म्हणून मला रोज आठवण केली.

शुक्रवारी अध्यक्षांनी बोलावलं. रविवारी मुंबईचे मोठे पाहुणे नव्या सभागृहाच्या उद्घाटनाला येणार होते. "पोरं लागतील."

"सर, त्या दिवशी मॅच आहे."

"मॅच काय, पुढच्या वर्षी बी व्हईल." मग कागद चाळता चाळता म्हणाले, "तुमच्या फाईलीचं सोमवारी बघतो."

मी "बरं" म्हटलं. एकच शब्द. आजही तो आठवला की स्वतःची शिसारी येते.

मुलांना सांगितलं तेव्हा दोघं-तिघं रडली. गोलवरची रडली नाही. म्हणाली, "बाई, पुढच्या वर्षी मी नसन." मी फेट्यांची मापं घ्यायला लागले.

रविवारी सकाळी नऊपासून पोरं रस्त्याच्या दोन्ही बाजूंना चाकांवर उभी. पाहुण्यांसाठी रस्त्याला घाईनं डांबर फासलं होतं, ते उन्हानं चाकांना चिकटत होतं. गाड्या आल्या दीडला. पोरं ताटं सांभाळत गाडीपुढं सरकत फाटकापर्यंत गेली, जेमतेम पन्नास पावलं. पाहुणे मोबाईल कानाला लावूनच उतरले आणि तसेच आत गेले. पोरांकडं त्यांचं लक्षही गेलं नाही. अध्यक्ष त्यांच्या मागून धावले.

मी फाटकाजवळ बसून गोलवरच्या मुलीच्या पट्ट्या सोडत होते. पाय सुजून पट्ट्या रुतल्या होत्या. तेवढ्यात तिचे वडील गर्दीतून आले. स्वच्छ धुतलेली टोपी, बगलेत भाकरीचं फडकं. डोंगरातल्या गावाला फोन नव्हता, मॅच रद्द झाल्याचं त्यांना कुणी कळवलंच नव्हतं. सकाळच्या पहिल्या एस.टी.नं आले होते आणि पोरगी चाकांवर उभी दिसल्यावर समोरच्या कट्ट्यावर बसून सगळं बघत राहिले होते. चेहरा नुसता फुलला होता.

"बाई, लई भारी खेळली पोरं. हाकी म्हंत्यात ती हीच ना?"

"हो," मी म्हटलं. "हीच."

मुलगी पट्टीकडं बघत शांतपणे म्हणाली, "बाई खोटं बोलत्यात, आबा."

ते एवढे ओशाळले की त्यांनी फडकं खाली ठेवलं. "बाईंला असं बोलत्यात व्हय गं? इद्या देत्यात तुला त्या. पाया पड आदी."

मी शेवटची पट्टी सोडली तशी ती उठली. सुजलेल्या, अनवाणी पायांनी तापल्या डांबरावर दोन पावलं पुढं आली आणि वाकली. मी पाय मागं घेतले नाहीत.