यांचे चाकू

मुदखेडच्या फलाटावर गाडीची वाट पाहत बसले होते. शेजारच्या बाईनं टोपलीतला जाम, म्हणजे तुमच्याकडचा पेरू, पदराला पुसला आणि विचारलं, "काकू, चक्कू हाय का वो?" मी पर्समधून घडीचा चाकू काढला तशी ती हसलीच. पातं फळातून गेलं आणि पिकल्या जामाचा वास सुटला, त्यात लोखंडाची किंचित तुरट झाक. माझ्या यजमानांच्या सदऱ्याच्या खिशाला असाच वास असायचा. त्यांना जाऊन वर्ष होत आलं, तरी असा एखादा वास गाठतो आणि भरल्या फलाटावर डोळे पुसावे लागतात.

आमच्याकडे हळद लागली की नवरदेवाच्या हाती लिंबू टोचलेला चाकू देतात. अक्षता पडल्यावर तो कुठे जातो, कुणी विचारत नाही. यांनी तो परत दिलाच नाही. लिंबू काढून चाकू खिशात टाकला आणि तिथून जो नाद लागला तो जन्मभर पुरला. जत्रेत लोक रेवड्या घेत, हे शिंगाच्या नाहीतर पितळी मुठीचा चाकू निवडत बसत. घिसाड्यांची पालं गावाबाहेर पडली की यांची पावलं आपोआप तिकडे वळत. रोज आंघोळ झाली की कपाटापाशी उभे राहून आज कुणाची पाळी ते ठरवत. मी चिडवायची, "वाघ मारायला निघालात का?" वाघ कसला! ऊस सोलायचा, पोत्याची सुतळी कापायची, कुणाच्या पायातला काटा काढायचा. पण खिसा रिकामा असला की यांना काही सुचत नसे.

नियम एकच. चाकू कुणाच्या हातात द्यायचा नाही. खाली ठेवायचा, दुसऱ्यानं उचलायचा, नाहीतर भांडण होतं. तो नियम आम्ही कधी मोडला नाही आणि तरीही मनसोक्त भांडलो, कधी मिठावरून, कधी माझ्या माहेरावरून.

मग अर्धांगानं यांची उजवी बाजू गेली. लातूरच्या दवाखान्यातून घरी आणलं, तेव्हा बोलणं तुटक झालं होतं, पण सकाळी खुणेनं कपाट दाखवायचे. मी चाकू चादरीवर ठेवायची. डावी बोटं चाचपडत, चाकू निसटे, पुन्हा चाचपडत. एका सकाळी मला ते बघवेना. मी चाकू उचलून त्यांच्या तळहातावर ठेवायला गेले. त्यांनी हात मागे घेतला.

"हातात देऊ नको. भांडण व्हतंय."

"व्हऊ द्या की. लई दिस झाले भांडून."

त्यांनी हात पुढे केला. मिटलेला चाकू मुठीत धरून तसेच झोपी गेले.

त्यानंतर मी रोज हातातच देत गेले. मनातून वाट बघायची, आज चिडतील, चहात साखर कमी म्हणून तरी बोलतील. ते नुसते घेत आणि डोळे मिटत. आंब्याच्या दिवसांत गेले. भांडण काही झालं नाही.

कपाटातले चाकू अजून जागच्या जागी आहेत. न वापरता पडला की चाकू खिळ्यापाशी गंज धरतो, म्हणून रोज एकेक काढते. घरी कैरी चिरून झाली की तो ओट्यावर ठेवते, आणि थोड्या वेळानं मीच उचलते.