आमच्या ब्लॉकखालची न उडणारी कबुतरं

मंडळी, सकाळी पाहिलेलं अजून डोळ्यांसमोरून जात नाही, म्हणून लिहितेय.

सिंगापूरला बुकित बातोकमध्ये आमच्या ब्लॉकखाली, म्हणजे इमारतीखाली, दूध आणायला उतरले. गवतावर कबुतरं बसली होती. मी अगदी जवळून गेले, तरी एकही उडालं नाही. डोळे उघडे आणि माना डुलत होत्या. एक माझ्यासमोरच हळूच कलंडलं.

शेजारचे लिम अंकल ती उचलून पिशवीत भरत होते. तरुणपणी मलेशियात शेतावर ते बंदुकीने कबुतरं टिपून हॉटेलांना विकायचे. "आजही गिऱ्हाईक मिळालंय, लाह! एक पिशवी पोचवूनसुद्धा आलो," ते इथल्या बोलीतला 'लाह' जोडत हसत म्हणाले.

इतक्यात कबुतरं पकडायला नेमलेला, मास्क लावलेला एक कामगार अर्धं भरलेलं पोतं घेऊन आला आणि ओरडला, "अंकल, घेऊ नका! पकडण्यासाठी त्यांना पावातून गुंगीचं औषध दिलंय. खाणाऱ्यालाही बाधेल."

अंकलचा चेहरा उतरला. "शेतावर एक बार काढला की बाकीची सगळी उडून जायची," ते पुटपुटले. "ही जागची हललीसुद्धा नाहीत."

त्यांनी घाईने गिऱ्हाइकाला फोन लावला. स्पीकरवर एका बाईचा कापरा आवाज आला, "मी शिजवलं नाही. पिसं उपटत होते, अर्धी झाली आणि त्या कबुतराने माझ्याकडे पाहिलं."

आम्ही तिघांनीही पोत्याकडे पाहिलं. कामगाराच्या हातातलं पोतं आतून सावकाश वरखाली होत होतं.

तुमच्या ब्लॉकखाली असं कधी पाहिलंय का? तुम्ही काय केलंत?