पाडव्याच्या बोहनीचा डबा

आमच्या जळकोटचा नागप्पा भंगारवाला म्हणजे एक नंबरचा हेकट माणूस. माझी चहाची टपरी त्याच्या दारालगत, म्हणून मला तो रोज सोसावा लागतो. पत्रा, तारा, जुन्या मोटारी, काय वाट्टेल ते घेतो आणि विकतो. पण दिवाळीच्या पाडव्याला पहिला आलेला माल वर्षभर विकत न्हाय. घरात ठेवून त्याची पूजा करतो. बापाची रीत म्हणं.

औंदा बोहनीला शिशाचा जडशीळ डबा आला, कुठल्यातरी बंद कारखान्याच्या भंगारातला. नागप्पानं तो सुनेच्या बाजेजवळ ठेवला. शुभांगीला तेव्हा नुकतेच दिवस गेलेले, त्याआधी दोनदा पोट पडलेलं. बोहनी उशाशी असली की बरकत, म्हणायचा. एरवीचा चिक्कू गडी, पण तिच्यासाठी रोज शहाळं आणायचा.

काल दुपारी सरकारी गाडी आली. मुंबईच्या साहेबाच्या हातात टिकटिकणारं यंत्र. त्यानं समजावून सांगितलं, असल्या डब्यात किरणं सोडणारा तुकडा असतो. तो कुणी विकला, कुणी घेतला, ह्याची सरकारात नोंद राहते. कारखाना बंद पडला तर परत करावा लागतो. त्या मालकानं तो खुशाल भंगारात विकून टाकला होता. मुडदा बशिवला त्याचा!

साहेबानं सगळ्यांना अंगणात काढलं आणि एकटाच आत गेला. आतून यंत्राचा आवाज वाढत गेला. शुभांगी पोटावर हात धरून उभी होती.

साहेब बाहेर आला. डब्याला एका अंगानं भोक, त्यावरचं झाकण निखळलेलं. किरणं तेवढ्याच बाजूनं बाहेर येतात, म्हणाला. भोक भिंतीकडं आहे, बाजेकडं धोका नाही. नागप्पा मटकन खाली बसून रडायला लागला. लेकरू वाचलं, असं मीसुद्धा बोलून गेलो.

नागप्पाची बायको, महानंदावहिनी मात्र जागची हलली न्हाय.

“साहेब,” ती म्हणाली, “त्या भोकाला आमी हळदकुंकू लावतो. कुंकवाचं तोंड भिंतीकडं करत न्हायती. आज झाडताना म्या डबा फिरवला. पाडव्यापासनं ते बाजेकडंच होतं.”

साहेबानं शुभांगीला कितवा महिना ते विचारलं.

“सातवा लागला,” शुभांगी म्हणाली.

तो सोलापूरच्या दवाखान्याला फोन लावत गाडीकडं गेला.